प्योकाका मॅच बघत नाहीत

तेपोत कुणालाही विचारा, पाणकावळ्यांचा सगळ्यात मोठा भक्त कोण, तर तो सार्वजनिक न्हाणीघरातल्या प्योकाकांचं नाव सांगेल. त्यांनी शेवटची मॅच कधी बघितली असं विचारलंत तर तोच माणूस सांगेल, बावीस वर्षांपूर्वी. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं आमच्या गावात कुणाला वाटत नाही.

पाणकावळे म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. बाकीच्या शहरांनी आपापल्या संघांना वाघ-सिंहांची नावं दिली, आमच्या वाट्याला हे आले. पण नाव बरोबर निघालं. पाणकावळा एकदा मासा पकडतो आणि मग खडकावर पंख पसरून दिवसभर वाळवत बसतो. आमचा संघही सहाव्या डावापर्यंत मासा पकडतो. पुढचे तीन डाव पंख वाळवतो.

प्योकाकांचा धंदा अंग घासण्याचा. मूळचे हाकदो बेटावरचे. तिथं पोस्टमास्तराच्या रेडिओवर शाळा-शाळांच्या बेसबॉल मॅचेस ऐकून त्यांना हे वेड लागलं. सोळाव्या वर्षी तेपोला आले ते न्हाणीघराच्या बंबाला कोळसा घालायला. मग कधीतरी आतल्या म्हाताऱ्या घासणाऱ्यानं त्यांच्या हातात हिरवी खरखरीत घासणी दिली, ती आजतागायत सुटलेली नाही. तुम्ही गरम हौदात वीस मिनिटं बसायचं, कातडी मऊ पडली की त्यांच्या टेबलावर जाऊन पालथं पडायचं. मानेपासून टाचेपर्यंत ते असा मळ काढतात की आपण एवढे घाण होतो याची लाज वाटावी. तळहातानं पाठीवर दोन चापट्या मारल्या की कूस बदलायची. बोलायची गरज नाही. 'साहेब' म्हणतात ते फक्त परगावच्या अनोळखी गिऱ्हाइकाला.

आदल्या दिवशी पाणकावळे जिंकले असतील तर हात मऊ. हरले असतील तर कातडं राहील याची खात्री नाही. माझे बाबा निकाल बघून आंघोळीचा वार ठरवायचे. सलग सात मॅचेस हरलो त्या उन्हाळ्यात ते दोन आठवडे घरीच बादलीनं आंघोळ करत होते.

आता बावीस वर्षांचं सांगतो. तरुणपणी काका संघाच्या मॅचेस बघायला शहरात जायचे. बसनं एक तास. चार वेळा गेले, चारही वेळा संघ हरला. न्हाणीघरातच कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात खुर्ची टाकून नामकाका केस कापतात. तेही हाकदोचेच, प्योकाकांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि हे चार आकडे त्यांनीच लक्षात ठेवले. मग बावीस वर्षांपूर्वी पाणकावळे पहिल्यांदा अंतिम मालिकेत पोचले. काकांनी संघाचं गडद हिरवं शरदातलं जाकीट घेतलं. अंतिम मालिका शरदात होते, म्हणून ते जाकीट त्याच दिवसांत घालायचं असतं. बस वाटेत बंद पडली. काका आठव्या डावात पोचले तेव्हा आपण पाच धावांनी पुढं होतो. ते खुर्चीवर टेकले. अर्ध्या तासात आपण हरलो.

"पाच पैकी पाच," नामकाका म्हणाले.

त्या दिवसापासून प्योकाकांनी मैदानाचं तोंड बघितलं नाही. पुढं एकदा ते ओल्या हातांनी कपड्यांच्या खोलीत आले, टीव्हीसमोर उभे राहिले आणि समोरच्या संघानं होम रन मारली, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. मग त्यांचा टीव्हीही बंद झाला. टेबलावर पडलेल्या गिऱ्हाइकानं स्कोअर सांगायचा नाही, असा नियम झाला. बाहेर आम्ही कमरेला टॉवेल गुंडाळून आरडाओरडा करायचो आणि आत वाफेत प्योकाका भिंतीकडं तोंड करून कुणाची तरी पाठ घासत असायचे. निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचा. मॅच संपल्यावर वाचलेलं चालतं, असं ग्वाक गुरुजींनी ठरवून दिलं होतं. ग्वाक गुरुजींनी आम्हाला शाळेत विज्ञान शिकवलं.

काकूंचं बाजारात लोणच्यांचं दुकान आहे. त्या म्हणायच्या, "लोकांचे नवरे मॅच बघून वाया गेले. माझा न बघता गेला."

या वर्षी पाणकावळे पुन्हा अंतिम मालिकेत पोचले. सात मॅचेसची मालिका. पाच झाल्या, त्यातल्या तीन हरलो. सहावी हरलो की सगळं संपलं. ती रविवारी दुपारी दोनला, आमच्याच मैदानावर होती. आणि काकांच्या बोरामनं, म्हणजे सोलला नोकरी करणाऱ्या लेकीनं, कशी कोण जाणे, त्या मॅचची दोन तिकिटं मिळवून बापाला पाठवली.

शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरात गेलो तेव्हा ते हिरवं जाकीट दाराबाहेर दोरीवर वाळत होतं.

"प्यो, तू जाणार?" नामकाकांनी कात्री हवेतच धरली होती.

"पोरीनं पाठवलंय रे."

"अरे, तिला काय माहीत? ती सोलची झाली. बापाचा इतिहास तिला कुणी सांगितलाय?"

"त्रेसष्ट वर्षांचा झालो, नाम. एकदा. मान खाली घालून बसेन. बघणारसुद्धा नाही, नुसता आवाज ऐकेन."

"आवाज ऐकलास की झालंच!"

गरम हौदातून फक्त डोकं बाहेर असलेले ग्वाक गुरुजी म्हणाले, "हे बघ प्यो, मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी असलं काही मानत नाही. पण विज्ञान म्हणजे तरी काय? निरीक्षण. आणि निरीक्षण पाच पैकी पाच आहे."

"गुरुजी, तुम्हीपण?"

"मी नाही. निरीक्षण."

मी हसलो. सगळेच हसले. प्योकाकाही थोडे हसले, आणि तिथंच ते हरले. माणूस हसला की त्याला पुढं भांडता येत नाही. त्यांनी ओल्या हातांनीच खिशातून तिकिटांचं पाकीट काढलं आणि नामकाकांच्या खुर्चीवर ठेवलं.

"वाया नको जायला," ते म्हणाले.

वाया कशी जातील? एकावर नामकाका गेले, दुसऱ्यावर ग्वाक गुरुजी. आणि तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. रविवारी प्योकाकांनी गावातसुद्धा राहायचं नाही, असं ठरलं. गावभर टीव्ही लागलेले असणार, कुठल्या तरी खिडकीतून कानावर पडेलच. तेव्हा त्यांनी सकाळच्या बोटीनं हाकदोला जायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत यायचं. त्यांचा फोन नामकाकांच्या खणात राहील. आणि बरोबर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. मी मासळी सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, रविवारी मला सुट्टी, लग्न झालेलं नाही. सगळ्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"ह्योक जाईल," गुरुजी म्हणाले. "फोन बंद ठेवायचा. बोट बुडाली तरच चालू करायचा."

हाकदोवर आता अकरा माणसं आणि चार कुत्री उरलीत. काका जाकीट घालून आले होते, गळ्यापर्यंत चेन लावून. बंद पडलेल्या शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो. काकूंनी दिलेले किम्बाप, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे तुकडे, आणि उकडलेली अंडी खाल्ली. काका अंडं स्वतःच्या कपाळावर आपटून फोडतात, न्हाणीघरातली सवय. दोन वाजले तसं त्यांनी अंगणातल्या खांबाकडं बोट केलं. मग म्हणाले, "तिथं त्या खांबाखाली पोस्टमास्तर रेडिओ ठेवायचा. आम्ही सगळी पोरं खाली. मॅच दिसत नव्हती ना, म्हणून फार छान दिसायची."

"आता काय चाललं असेल हो काका?"

"विचारायचं नाही."

"विचारत नाही. अंदाज."

"अंदाजपण करायचा नाही. अंदाज म्हणजे अर्धं बघणंच." ते गंभीर होते. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

साडेतीनला मी शाळेमागं लघवीला गेलो आणि फोन चालू केला. माणूस आहे मी. तीन-दोन, आपण पुढं. परत येऊन बसलो, पण मांडी हलायला लागली. काका समुद्राकडं बघत म्हणाले, "मांडी हलवू नकोस. मांडीवरून कळतं."

मी पुन्हा गेलो. चार-दोन. पाच वाजत आले होते. नववा डाव, समोरच्यांची शेवटची पाळी, दोन बाद. एक बाद बाकी, की सातवी मॅच खेळायला मिळणार. मी आमच्या न्हाणीघराच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'एकच बाकी! हाकदोवरून जय पाणकावळे!' आणि धावत पायरीवर आलो.

"काका, बघा! एकच चेंडू! बावीस वर्षांनी एकच चेंडू बघा!"

काकांनी डोळे मिटले. लहान पोराच्या डोक्याला साबण लावल्यावर ते जसं मिटतं, तसे गच्च. दोन्ही बोटं कानात घातली. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला, खांदा हलवला, ओरडलो, "अहो काका, जिंकलोच आहोत!" त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मग एक फटका गेला. मग आमच्या चेंडू फेकणाऱ्या पिचरनं एकाला फुकट पहिल्या तळावर सोडलं. मग होम रन. एकदम तीन धावा. पाच-चार, ते पुढं. आमची शेवटची पाळी नऊ चेंडूंत आटोपली. त्या अख्ख्या वेळात प्योकाका पायरीवर तसेच बसले होते, डोळे मिटून, बोटं कानात, जाकिटाची चेन गळ्याशी. मी फोन बंद केला. त्यांच्या मनगटाला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. सांगावं लागलं नाही.

बोटीवर मला वाटलं, ते रडतील. पण किनारा दिसायला लागला तसा त्यांचा चेहरा निराळाच झाला. कठड्याला धरून ते म्हणाले, "ह्योक, मी बघितलं नाही ना?"

"नाही काका."

"ऐकलंसुद्धा नाही."

"नाही."

"मैदानात नव्हतो. गावात नव्हतो. समुद्राच्या पलीकडं होतो. तरी हरले." त्यांना हसू फुटलं, दोन्ही गालांवर एकदम. "म्हणजे माझ्यामुळं नव्हतंच रे. त्या पाचही वेळा माझ्यामुळं नव्हतं. हे आपले असेच हरतात!"

मीही हसलो. एवढं वाईट हरल्यावर दोन माणसं बोटीवर एवढी हसत होती की तिकीटवाल्यानं वळून बघितलं.

"उद्या सांग सगळ्यांना," ते म्हणाले. "माझं कोण ऐकणार? तू होतास. तुझं ऐकतील. पुढच्या वर्षी पहिल्या मॅचला तू आणि मी जाऊ. वरच्या रांगेत बसू. मी पाय पसरून बसणार."

"नक्की काका."

सोमवारी सकाळी मी न्हाणीघरात शिरलो तेव्हा नऊ-दहा उघडी माणसं घासायच्या टेबलाभोवती उभी होती. टेबलावर ग्वाक गुरुजी पालथे पडले होते आणि प्योकाका त्यांची पाठ घासत होते.

"काल आपण हरलो," पालथे गुरुजी म्हणत होते, "मग आज तुझा हात एवढा हलका कसा?"

"सांगतो. ह्योकला येऊ द्या," काका म्हणाले. आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आला बघा. सांग रे."

मी तोंड उघडायच्या आत नामकाका पुढं आले. ओल्या हातात फोन धरून, माझा मेसेज सगळ्यांना दिसेल असा.

"हे काय आहे? फोन चालू होता?"

"ते..."

"नवव्या डावात चालू होता! दोन बाद असताना! आणि त्याच्या पुढच्याच चेंडूपासून वाट लागली. मी तिथं बसलो होतो, ह्योक, माझ्या डोळ्यांदेखत. फोन कुणी चालू केला?"

कुणीतरी म्हणालं, "यालाच तर पाठवला होता लक्ष ठेवायला."

गुरुजींनी टेबलावरूनच मान वळवून माझ्याकडं बघितलं. सहावीत प्रयोगशाळेतली काचेची नळी फुटली होती, तेव्हा याच नजरेनं बघितलं होतं. मी तीस वर्षांचा माणूस. कमरेला टॉवेल, समोर सगळं गाव, आणि गावानं एवढं एकच काम मला सांगितलेलं.

"काकांनी मागितला," मी म्हणालो.

बस. दोन शब्द. पुढं कुणी विचारलंसुद्धा नाही, तरी तोंडातून आणखी एक वाक्य निघालंच. "म्हणाले, एकच चेंडू बघू दे."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी कपाळावर हात मारला. कुणी म्हणालं, बेटावर पाठवून काय उपयोग, त्याला चंद्रावर पाठवायला हवं होतं. नामकाका ओरडले, "बावीस वर्षं, प्यो! अरे, एक दुपार राहवलं नाही?"

प्योकाकांचा हात गुरुजींच्या पाठीवर थांबला होता. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. माझं बोलणं अजून पूर्ण व्हायचंय, आणखी एखादं वाक्य येईल आणि सगळं सरळ होईल, अशा थाटात ते वाट बघत होते. मी हौदाच्या नळाकडं बघितलं. नळ गळत होता.

मग त्यांनी मान खाली घातली. गुरुजींच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, आणि गुरुजींनी कूस बदलली.

त्या दिवशी त्यांनी एका शब्दानं माझं बोलणं खोडलं नाही. खोडलं असतं तर मी लगेच कबूल केलं असतं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. म्हणजे माझ्या खोटेपणाचा दोषही मी थोडासा त्यांच्यावरच टाकून बघितला. गावाची सवय, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी मी केस कापायला बसलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी नामकाकांना खरं काय ते सांगितलं. डोळे मिटले होते, बोटं कानात होती, बघितलं नाही, ऐकलं नाही.

कात्री चालूच राहिली. "माहीत आहे," नामकाका म्हणाले.

"माहीत आहे?"

"साठ वर्षं ओळखतो त्याला. तो मागणारा माणूस आहे होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"अरे बाबा, एवढी मोठी हार कुणावर तरी टाकायला लागते. संघावर टाकली, तर पुढच्या वर्षी बघायचं कुणाला?" त्यांनी माझं डोकं पुढं दाबलं. "मान हलवू नकोस. कान कापला जाईल."

मी गुरुजींनाही सांगितलं. ते म्हणाले, साक्षीदारानं साक्ष बदलली की दोन्ही साक्षी बाद होतात. ते कुठल्या विज्ञानात येतं मला माहीत नाही.

वसंतात पुन्हा मॅचेस सुरू व्हायच्या होत्या. पहिल्याच मॅचची मी दोन तिकिटं काढली, वरच्या रांगेतली, आणि न्हाणीघरात नेऊन टेबलाच्या कडेला ठेवली. काका फरशी धूत होते. तिकिटांवर पाणी उडालं. त्यांनी ती उचलली, पुसली, माझ्या हातात परत दिली. "गिऱ्हाईक आहे मला त्या दिवशी," म्हणाले. ते हिरवं जाकीट आता काकू थंडीत दुकानात बसताना घालतात, लोणच्याचा लाल डाग बाहीवर.

टीव्हीसमोरचा नियम गेला. कुणी टेबलावर पडून स्कोअर सांगितला तरी काका "हो का" म्हणतात. पेपर सकाळी येतो तसा घडी घातलेला राहतो, दुपारी त्यावर कुणीतरी साबण ठेवतं. आणि निकाल काहीही लागो, हात एकसारखा. फार मऊ नाही, फार खरखरीत नाही. लोक खूश आहेत. म्हणतात, प्यो आता सुधारला.

मी दर रविवारी जातो. मुद्दाम आदल्या दिवशी आपण वाईट हरलो असलो की जातोच. वीस मिनिटं हौदात बसून टेबलावर पालथा पडतो आणि वाट बघतो, की आज तरी काका माझं कातडं काढतील, एकदा तरी असं घासतील की मी ओरडेन. ते घासणी हाताला चढवतात. मानेपासून टाचेपर्यंत नीट, स्वच्छ घासतात. दोन चापट्या. मी कूस बदलतो. शेवटी दोन बादल्या कोमट पाणी ओततात, आधी हातावर घेऊन फार गरम नाही ना ते बघतात.

आणि म्हणतात, "झालं साहेब. उठा."